रोज रात्री एकच गोष्ट: 1950 च्या दशकातल्या अमेरिकन हॉरर कॉमिक्स वाचायच्या कशा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला मी ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’चा एक पुनर्मुद्रित खंड वाचायला दिला. कार्टं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, जपानी मांगा पोत्याने वाचतं, तेव्हा हेही आवडेल अशी माझी खात्री होती. जेवण झाल्यावर खंड घेऊन झोपाळ्यावर बसला आणि दिवेलागणीला परत आणून दिला. “आत्या, सगळ्या गोष्टी सारख्याच आहेत गं. कुणीतरी कुणालातरी मारतो, मेलेला उठून येतो, संपलं.”

त्याचं काही चुकलं नव्हतं, चूक देणारीची होती. त्या खंडात सहा अंक आणि प्रत्येक अंकात चार गोष्टी, म्हणजे एका दुपारी पठ्ठ्याने चोवीस सूड उरकले. ही मासिकं मुळात दोन महिन्यांतून एकदा निघायची. चार गोष्टींवर साठ दिवस काढायचे, अशा हिशेबाने त्या रचलेल्या आहेत. श्रीखंडाचं पातेलं तोंडाला लावलं तर चौथ्या घोटाला साखरच लागणार.

तर हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी. या गोष्टींचा शेवट बहुतेक वेळा दुसऱ्या पानावरच कळतो. लेखकालाही ते ठाऊक असतं. मजा आहे ती तिथपर्यंत आपल्याला कसं खेळवत नेतात त्यात, आणि ते दिसायला थोडी सवय लावून घ्यावी लागते.

आधी माणसं ओळखून घ्या

अमेरिकेत निव्वळ भयकथांचं कॉमिक पहिल्यांदा आलं ते 1947 च्या जानेवारीत, एव्हन कंपनीचं ‘ईरी कॉमिक्स’. एकच अंक निघाला आणि थांबलं. 1948 मध्ये ‘ॲडव्हेंचर्स इंटू द अननोन’ सुरू झालं. ते मात्र टिकलं, थेट 1967 पर्यंत. पण आज ज्यांच्या नावाने लोक हळहळतात ती तीन मासिकं 1950 च्या वसंतात एकाच घरातून निघाली: ‘द क्रिप्ट ऑफ टेरर’ (हेच पुढे ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ झालं), ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हॉन्ट ऑफ फियर’.

कंपनीचं नाव ईसी. सुरुवातीला त्यातल्या ‘ई’चा अर्थ होता एज्युकेशनल. मॅक्स गेन्स नावाचे गृहस्थ बायबलच्या आणि इतिहासाच्या चित्रकथा काढायचे. 1947 मध्ये एका बोट अपघातात ते गेले आणि पंचविशीतला मुलगा विल्यम, म्हणजे बिल, याच्या गळ्यात धंदा पडला. त्याने ‘ई’ला एंटरटेनिंग केलं. अल फेल्डस्टाइन हा लेखक-संपादक त्याला मिळाला आणि दोघांची जोडी जमली. बिल रात्र रात्र जागून भयकथा वाचायचा, सकाळी त्यातली बीजं फेल्डस्टाइनसमोर टाकायचा आणि फेल्डस्टाइन दिवसाकाठी जवळपास एक गोष्ट पाडायचा.

या वाचनातून कधी कधी सरळ उचलेगिरी व्हायची. रे ब्रॅडबरीच्या दोन विज्ञानकथा एकत्र करून 1952 मध्ये त्यांनी एक चित्रकथा बेमालूम छापली. ब्रॅडबरीने चिडून नोटीस पाठवली नाही. तुम्ही माझे पन्नास डॉलर पाठवायचे विसरलेले दिसता, अशा अर्थाचं गोड पत्र लिहिलं. पैसे गेले आणि पुढे त्याच्या कथा रीतसर परवानगीने, त्याच्या नावासकट येऊ लागल्या. उधारी वसूल करण्याची ही तऱ्हा मला फार आवडते.

प्रत्येक मासिकाला एक सूत्रधार होता: क्रिप्ट-कीपर, व्हॉल्ट-कीपर आणि ओल्ड विच. तिघेही सडलेले, दात पडलेले आणि भयंकर चावट. गोष्ट सुरू व्हायच्या आधी ते वाचकाला चिडवतात, शेवटी प्रेताशेजारी उभे राहून कोटी करतात, आणि मधल्या वेळात एकमेकांच्या मासिकांची टिंगल करतात. प्रेताच्या तोंडून गोष्ट ऐकायची सवय आपल्याला वेताळपंचविशीपासून आहेच, त्यामुळे मराठी वाचकाला हा थाट परका वाटू नये. फरक एवढाच की विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ शेवटी कोडं घालतो आणि ही मंडळी फिदीफिदी हसतात.

ते हसणं मनावर घ्या. या गोष्टी तोंडावरची सुरकुती न हलवता सांगितलेले विनोद आहेत हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. नुसती भीती शोधत गेलात तर हात हलवत परत याल. नारायण धारपांचं पुस्तक रात्री वाचून जो काटा येतो तो इथे फार क्वचित येतो.

कुठून मिळवायच्या

खिशात हात न घालता सुरुवात करता येते. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट 28 वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावा लागायचा. ईसीने तो केला. पण एजॅक्स-फॅरेल, स्टोरी यांसारखे कितीतरी छोटे प्रकाशक तोवर गाशा गुंडाळून बसले होते, नूतनीकरण करणार कोण? त्यामुळे त्यांचे अंक आज तिथे सार्वजनिक मालकीचे आहेत. ‘डिजिटल कॉमिक म्युझियम’ आणि ‘कॉमिक बुक प्लस’ या दोन संकेतस्थळांवर हौशी लोकांनी आपापल्या संग्रहातले अंक पानन् पान स्कॅन करून ठेवलेत. पिवळा पडलेला कागद, कोपऱ्यातला डाग, कुणी पोराने पेनाने लिहिलेलं नाव, सगळं जसंच्या तसं दिसतं.

ईसीसाठी मात्र पैसे मोजावे लागतात. डार्क हॉर्स या प्रकाशकाची ‘ईसी आर्काइव्ह्ज’ ही खंडमाला सहज मिळते. खंडात सहा अंक, क्रमाने, रंगीत. तिच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. रंग संगणकावर नव्याने भरलेत. मूळ रंगयोजना समोर ठेवून भरलेत हे खरं, पण चेहऱ्यांवर आणि आभाळात गुळगुळीत छटा चढवल्यात. जुन्या वाड्याला प्लॅस्टिक पेंट काढावा तसं दिसतं. फँटाग्राफिक्सने 2012 पासून दुसरी माला सुरू केली. तीत एकेका चित्रकाराचं काम वेगळं काढून कृष्णधवल छापलंय. शाईची रेघ नीट बघायची तर हीच घ्या. मी दोन्ही घेतल्या, आणि आता डार्क हॉर्सचे खंड लोकांना द्यायला वापरते आणि फँटाग्राफिक्सचे कुणाला देत नाही.

अंकांच्या क्रमांकांची गंमत आधीच सांगून ठेवते, नाहीतर शोधताना डोकं फिरेल. टपाल खात्याकडून सवलतीच्या दराचा परवाना मासिकाच्या नावावर मिळायचा आणि नव्या मासिकासाठी पुन्हा शुल्क भरावं लागायचं. ते वाचवायला प्रकाशक बंद पडणाऱ्या मासिकाचंच नाव बदलून आकडे पुढे चालू ठेवत. म्हणून ‘व्हॉल्ट’चा पहिला अंक 12 नंबरचा आहे. 1 ते 11 शोधू नका, ती एक गुन्हेगारीकथांची मालिका होती. ‘क्रिप्ट’ 17 पासून सुरू होतं आणि ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ हे नाव 20 पासून. ‘हॉन्ट’ने तर कहर केला: 15, 16, 17 असे तीन अंक काढले आणि पुढचा अंक एकदम 4! चालत चालत 1953 उजाडेपर्यंत पुन्हा 15, 16, 17 आले. म्हणजे ‘हॉन्ट ऑफ फियर’चे 17 नंबरचे अंक दोन आहेत. काहीही मागवताना नंबराबरोबर साल बघा. कुठली गोष्ट कुठल्या अंकात, कुणी काढली, हे बघायला ‘ग्रँड कॉमिक्स डेटाबेस’ चांगला आहे.

पडद्यावर वाचणार असाल तर

मोबाइल नको. दहा इंची टॅबलेट उभा धरला की पान अख्खं आणि वाचण्याजोगं दिसतं. एकेक चौकट मोठी करून पुढे सरकवणारी जी सोय असते ती बंद करा. चित्रकाराने पान हे एक अख्खं चित्र म्हणून रचलंय. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात काहीतरी वाईट दडलंय हे डोळ्याच्या कडेला आधीच जाणवणं हा त्याच्याच डावाचा भाग आहे. उजेड कमी, पडद्याचा रंग जरा पिवळसर, आणि नोटिफिकेशन बंद. हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चर्चा चालू असताना थडग्यातून हात बाहेर येऊन काही उपयोग नाही.

पहिल्या आठवड्याचा बेत

भाच्याला दुसऱ्या खेपेला मी खंड दिलाच नाही. गोष्टींची नावं लिहिलेली चिठ्ठी दिली आणि शपथ घातली, एका रात्री एक.

पहिल्या रात्री जॉनी क्रेगची ‘अँड ऑल थ्रू द हाउस’ (‘व्हॉल्ट’ 35, 1954). नाताळची आदली रात्र, बाहेर बर्फ. बाईने नुकताच नवऱ्याचा खून केलाय. तेवढ्यात रेडिओवर बातमी येते की वेड्यांच्या इस्पितळातून एक खुनी पळालाय आणि त्याने सांताक्लॉजचे कपडे घातलेत. तो तिच्याच घराभोवती फिरतोय. पोलिसांना बोलवावं तर दिवाणखान्यात प्रेत. वरच्या खोलीत लहान मुलगी सांताची वाट बघत जागी. आता सांगा, शेवट काय होणार हे कळायला राहिलंय का काही? तरी शेवटच्या चौकटीपर्यंत जीव टांगणीला लागतो. क्रेग आपल्या गोष्टी स्वतः लिहायचा, त्यामुळे त्याच्याकडे शब्द कमी आणि रेघ स्वच्छ. सुरुवातीला हाच बरा.

दुसऱ्या रात्री ग्रॅहम इंगल्सची ‘पोएटिक जस्टिस’ (‘हॉन्ट’ 12, 1952). गरीब म्हाताऱ्याला शेजारचे श्रीमंत बापलेक छळतात, व्हॅलेंटाइनच्या दिवशी विषारी कवितांची कार्डं पाठवून त्याला मरायला लावतात. वर्षभराने त्याच दिवशी उत्तराची कविता येते. 1972 साली या मासिकांवरून जो ब्रिटिश चित्रपट निघाला, त्यात ही भूमिका पीटर कुशिंगने केली होती. आधी कॉमिक वाचा, मग चित्रपट बघा.

तिसऱ्या रात्री थोडा आराम म्हणून जॅक डेव्हिसची ‘लोअर बर्थ’ (‘टेल्स’ 33). जत्रेतल्या तंबूत बरणीत ठेवलेलं दोन डोक्यांचं प्रेत आणि इजिप्तहून आणलेली बाईची ममी यांचं प्रेम जमतं. या लग्नातून कोण जन्माला येतं ते वाचा. मला विचाराल तर ईसीची सगळ्यात गोड गोष्ट हीच.

चौथ्या रात्री पुन्हा डेव्हिसच, पण पोट घट्ट करून: ‘फाउल प्ले’ (‘हॉन्ट’ 19, 1953). हिच्याबद्दल पुढे.

पाचव्या रात्री पुन्हा इंगल्स, ‘हॉरर वी? हाउज बायू?’ (‘हॉन्ट’ 17), दलदलीतली. तिचं चित्रकाम डोळ्यांपुढून आठवडाभर जात नाही. राहिलेल्या दोन रात्री काही वाचू नका. खरंच. भूक लागू द्या.

एक गोष्ट तीनदा

पहिलं वाचन सरळ, सूत्रधाराचा आवाज मनात धरून. दार लावून मोठ्याने वाचलंत तर फारच उत्तम. या गोष्टींत शब्द भरमसाट आहेत, आणि त्याचं कारण काम करण्याच्या पद्धतीत आहे. फेल्डस्टाइन गोष्ट थेट चित्राच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर लिहायचा. चौकटी आखायच्या, मजकूर लेरॉय नावाच्या यांत्रिक साच्याने ठशीव अक्षरांत उतरवून घ्यायचा, आणि उरलेली जागा चित्रकाराच्या ताब्यात द्यायची. म्हणजे चित्रकाराच्या हातात पुठ्ठा येतो तेव्हा वरचा निम्मा भाग अक्षरांनी आधीच व्यापलेला. त्यामुळे ‘त्याने थरथरत्या हाताने दार उघडलं’ असं वर लिहिलेलं असतं आणि खाली थरथरता हात दार उघडत असतो. आजच्या वाचकाला हे कंटाळवाणं वाटतं. कानाने वाचलं की वाटत नाही. आमच्याकडे आजी गोष्ट सांगताना एकच वाक्य तीनदा म्हणायची, तशी ती लय आहे.

दुसरं वाचन मजकुरावर हात ठेवून, नुसती चित्रं. इथे चित्रकार शब्दांच्या ओझ्याखालून कशी वाट काढतो ते दिसतं. कोण चौकट तिरकी करतो, कोण सावली पुढे सरकवतो, कोण बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवतो.

तिसरं वाचन फक्त पहिलं पान आणि शेवटचं पान. पहिल्या पानावर शेवट कुठेतरी ठेवून दिलेला असतो.

दुसऱ्या वाचनाचा खरा धडा घ्यायचा तर बर्नार्ड क्रिगस्टाइनची ‘मास्टर रेस’ घ्या (‘इम्पॅक्ट’ 1, 1955). ही भुताची गोष्ट नाही, पण हिच्याइतकी भयंकर गोष्ट ईसीने दुसरी छापली नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका माणसाला छळछावणीच्या काळातला एक चेहरा दिसतो. क्रिगस्टाइनला सहा पानं दिली होती. त्याने बारा मागितली, आठ मिळाली. मग पठ्ठ्याने लिहून आलेले पुठ्ठे चक्क कापले, चौकटी अरुंद अरुंद करून नव्याने चिकटवल्या आणि त्या जागेत हवं ते बसवलं. शेवटच्या पानावर गाडी समोरून धडधडत जाते, आणि खिडकीतले उतारू एकाच चौकटीत पुन्हा पुन्हा, पुसट पुसट होत काढलेत. गाडीचा वेग चित्रात असा पकडलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही. लोकल चुकल्यावर फलाटावर उभं राहून शेवटचे डबे जाताना बघितलेत ना? अगदी तसं.

हात ओळखायला लागलात की

दहाबारा गोष्टींनंतर सही न बघता चित्रकार ओळखायचा खेळ सुरू करा. इंगल्स सर्वांत सोपा. तो सहीच ‘घास्टली’ अशी करायचा. त्याच्या माणसांच्या ओठांतून लाळेच्या तारा लोंबतात, बोटं मुळांसारखी पिळवटलेली, कपडे, झाडं आणि कातडी एकाच शाईत भिजून कुजल्यासारखी. डेव्हिसची माणसं मोठ्या पायांची, बारीक नळ्यांची, घाम गाळणारी. रेघ इतकी चपळ की खून चाललाय तरी हसू फुटावं. क्रेग नीटनेटका, इस्त्रीच्या घडीचा. जॅक केमनच्या बाया जाहिरातीतल्यासारख्या सुंदर, म्हणून नवराबायकोच्या विषप्रयोगाच्या गोष्टी हमखास त्याच्याकडे जायच्या. कुणी म्हणतात केमन भयकथेला शोभत नाही. मला तो मुद्दाम शोभतो: इतक्या चकचकीत स्वयंपाकघरात कोपऱ्यातला सुरा जास्तच दिसतो.

आणि रंग मरी सेव्हरिनचे. पुरुषांच्या या कारखान्यात ती रंग भरायची, आणि फार रक्त सांडलं की ती ती चौकट गडद निळ्याने झाकून टाकते अशी चेष्टा तिथे चालायची. ती निळी चौकट आली की थांबून नीट बघा. एका सपाट रंगाखाली काय काय चाललंय ते डोळ्यांना जरा उशिरा कळतं, आणि तो उशीरच अंगावर येतो.

फुकटच्या ढिगातलं सोनं

ईसीबाहेरचं बरंचसं लेखन सुमार आहे, हे आधीच मान्य करते. पण त्या सुमारपणात एक पिसाटपणा आहे जो ईसीच्या घोटीव गोष्टींत मिळत नाही. काही गोष्टींना शेवटच नसतो, पानं संपली म्हणून त्या संपतात. बॅसिल वुल्व्हर्टनची ‘ब्रेन बॅट्स ऑफ व्हीनस’ (‘मिस्टर मिस्टरी’ 7, 1952) बघा: शुक्रावरची वटवाघळं माणसांच्या डोक्यावर बसून मेंदू ताब्यात घेतात, आणि प्रत्येक सुरकुती अशी काढलीय जशी चकलीच्या सोऱ्यातून पाडली असावी. हार्वी कंपनीच्या मासिकांची ली एलायसने केलेली मुखपृष्ठं नुसती चाळायलाही छान.

डिक ब्रीफरचा फ्रँकेन्स्टाइन सवडीने, क्रमाने वाचा. 1940 मध्ये त्याने राक्षस गंभीरपणे सुरू केला, पुढे महायुद्ध संपता संपता त्यालाच भोळा, लाडका, विनोदी करून टाकला, आणि 1952 मध्ये हॉररची लाट आल्यावर पुन्हा भेसूर केला. एकाच माणसाने एकाच पात्राचे तीन स्वभाव काढलेत.

स्कॅन वाचताना गोष्टी झाल्या की जाहिराती टाळू नका. अंगठी, पिसासारखं शरीर पिळदार करायचं पुस्तक, मुरुमांवरचं मलम. दहा सेंट टाकून हे कोण वाचत होतं ते जाहिराती सांगतात. मध्येच दोन पानं नुसत्या मजकुराची लागतील, चित्र जवळपास नाही. ती टपालाच्या सवलतीसाठीची अट होती. बहुतेक पोरं ती ओलांडून जायची, तुम्हीही जा.

1954 ची सुनावणी हाताशी ठेवा

‘फाउल प्ले’ची गोष्ट बेसबॉलची आहे. हर्बी नावाचा खेळाडू बुटाच्या खिळ्यांना विष लावून प्रतिस्पर्ध्याला मारतो, तर त्या संघाचे बाकीचे खेळाडू मध्यरात्री त्याला मैदानावर बोलावतात आणि त्याच्याच तुकड्यांनी सामना खेळतात. डोक्याचा चेंडू, पायाची बॅट, आतड्यांच्या सीमारेषा. डेव्हिसने हे इतक्या रीतसर, पंचाच्या शिस्तीने काढलंय की ओकारी आणि हसू एकदमच येतं. यातलं चित्र मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांनी 1954 च्या आपल्या पुस्तकात पुरावा म्हणून छापलं. कॉमिक्समुळे पोरं बिघडतात, हा त्यांचा मुद्दा.

21 एप्रिल 1954 ला न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे बिल गेन्स स्वतःहून साक्षीला गेला. सिनेटर केफॉव्हर यांनी ‘क्राइम सस्पेन्स्टोरीज’ 22 चं मुखपृष्ठ वर धरलं: एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं मुंडकं. हे सुरुचीला धरून आहे का, असं विचारलं. गेन्स म्हणाला, हॉरर कॉमिकच्या मुखपृष्ठापुरतं, हो. मुंडकं जरा वर धरून मानेतून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर वाईट झालं असतं. दुसऱ्या दिवशी ही प्रश्नोत्तरं ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर. ऑक्टोबरमध्ये प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता केली: नावात ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ नको, रक्तपिपासू, नरलांडगे, चालती प्रेतं नकोत. या संहितेच्या मंजुरीचा शिक्का नसलेली मासिकं विक्रेते घेईनात. 1955 च्या सुरुवातीला ‘टेल्स’चा 46 वा अंक निघाला आणि तिन्ही म्हातारे गप्प झाले. वर्थम यांची कागदपत्रं खुली झाल्यावर कॅरोल टिली या अभ्यासक बाईंनी ती तपासली आणि मुलांची वक्तव्यं वर्थम यांनी सोयीने कापल्याचं, जोडल्याचं 2012 मध्ये दाखवून दिलं.

हे सगळं मी इतिहासाच्या हौसेने सांगत नाही. तुमच्या हातातला अंक 1950 चा आहे की 1954 चा, यावर वाचायची तऱ्हा बदलते. पहिल्या वर्षीच्या गोष्टी जुन्या वाड्यांच्या, शापांच्या, अडखळणाऱ्या. 1952-53 हा ऐन बहर. 1954 मध्ये टोक गाठायची स्पर्धा लागलेली दिसते, आणि पाठीमागे सिनेटची सुनावणी आहे हे ठाऊक असलं की त्या आचरटपणालाही धार येते.

मूळ अंक घ्यायचाच असेल तर

घ्या, पण एकच, आणि फाटका. तपासणी कंपनीकडून दहापैकी नऊच्या वर गुण मिळालेला, प्लॅस्टिकच्या पेटीत सील केलेला अंक उघडता येत नाही, मग वाचणार काय? खालच्या प्रतीचा, पण पानं पूर्ण असलेला अंक मागा. मधलं पान आहे का, कूपन कापलंय का, सेलोटेप लावलीय का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा आणि फोटो मागवा.

मी स्वतः फसलेय. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ‘ओरिजिनल’ म्हणून ‘हॉन्ट’चा अंक मागवला. पार्सल उघडलं, कागद संशय यावा इतका गोरा. पहिल्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांतला छपाईचा तपशील भिंगाने वाचला, तर साल 1990 नंतरचं. कुरिअरचा खर्चच अंकाहून जास्त झाला होता. तेव्हा पैसे द्यायच्या आधी त्या तळाच्या मजकुराचा फोटो मागा. मुखपृष्ठावर किंमत दहा सेंट हवी, आणि बारकोड दिसला तर विषयच संपला.

आपल्या हवेत हा कागद जगवणं हे वेगळंच काम. वर्तमानपत्री कागद, त्यात मुळातच आम्ल, वरून कोकणातला नाहीतर मुंबईचा पावसाळा. मायलारची पिशवी, मागे आम्लरहित पुठ्ठा, खोक्यात उभं ठेवायचं, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि ती पुडी दर जूनमध्ये बदलायची. माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. डांबरगोळ्यांचा वास कागदात कायमचा बसतो आणि कडुनिंबाचा पाला कागदाला लागून ठेवला तर डाग पडतात. कसर लागलीय का हे बघायला महिन्यातून एकदा खोकं उघडायचं, आणि उघडलंच आहे तर एक गोष्ट वाचायची.

भाच्याची चिठ्ठी पाचव्या रात्रीपर्यंत सुरळीत चालली. मग अकराच्या सुमारास फोन. हॉस्टेलवर कुणाकडून तरी ‘हॉन्ट’चा पहिला खंड पैदा केला होता त्याने.

“आत्या, सतरा नंबरचा अंक अख्खा वाचला. तुझी ती दलदलीची गोष्ट यात नाहीच्चे.”

“साल बघ.”

पानं उलटल्याचा आवाज आला.

“1950.”

“तिसरा खंड शोध,” म्हटलं आणि फोन ठेवला.